तंबाखूच्या वखारींपासून शुगर हिलपर्यंत

सनी टेरी आणि ब्राउनी मॅकगी यांची ‘अ‍ॅट शुगर हिल’ ही एलपी फँटसी रेकॉर्ड्सने १९६२ मध्ये बाजारात आणली. एक गिटार, एक माउथ ऑर्गन आणि दोन गळे, एवढाच संसार. ड्रम नाहीत, पियानो नाही, बास नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका क्लबात, समोर माणसं बसलेली असताना, हे वादन टेपवर उतरवलं गेलं. ब्लूजच्या इतिहासात याहून गाजलेल्या तबकड्या पुष्कळ निघाल्या. पण रस्त्यावर उभं राहून वाटसरूला थांबवायचं, हसवायचं, गुंतवायचं आणि खिशात हात घालायला लावायचं, हा जुना धंदा जीत इतका स्वच्छ ऐकू येतो अशी तबकडी विरळाच.

त्या वर्षांत अमेरिकेत लोकसंगीताची लाट होती. कॉलेजात शिकणाऱ्या गोऱ्या मुलामुलींना खेड्यातून थेट आलेलं, विजेचा स्पर्श न झालेलं गाणं हवं होतं. या दोघांकडे पाहून ते सापडल्यासारखं त्यांना वाटे. एक दोन्ही डोळ्यांनी आंधळा, दुसरा पायाने अधू. हातात साधी लाकडी गिटार, तोंडाशी खिशात मावणारं वाद्य. प्रत्यक्षात दोघेही तोवर सुमारे वीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये राहत होते. दोघांनी ब्रॉडवेच्या नाटकांत कामं केली होती. ब्राउनीने तर हार्लेमच्या श्रोत्यांसाठी ड्रम, पियानो, सॅक्सोफोनच्या साथीने विजेची गिटार वाजवून कितीतरी तबकड्या काढल्या होत्या. त्यांचं गाणं शेतात आपोआप उगवलेलं नव्हतं. ते कमावलेलं होतं, आणि कुठे, कसं कमावलं हे कळल्यावर ती तबकडी ऐकताना अधिक काही हाती लागतं.

कमाईची सुरुवात होते नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये. हे गाव तंबाखूचं. ‘बुल डरहॅम’ ही चुऱ्याची तंबाखू इथूनच जगभर गेली. पुढे अमेरिकन टोबॅको आणि लिगेट अँड मायर्स या दोन बड्या कंपन्यांचे सिगारेटचे कारखाने इथे धडधडू लागले. शरद ऋतूत आसपासचे शेतकरी वाळवलेलं पान गाड्यांत भरून आणत, वखारींत लिलाव होत, आणि वर्षभर हात आखडून राहणाऱ्या माणसाच्या हाती एकदम रोकड येई. कारखान्यांतल्या काळ्या कामगारांचा पगार तुटपुंजा होता, पण ठरलेल्या दिवशी मिळणारा होता. त्यांची वस्ती ‘हेटाय’ या भागात. तिथे काळ्यांची दुकानं, चर्च, नाटकगृह होतं. नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही काळ्या मालकांची मोठी विमा कंपनीही याच शहरातली. वेगळं राहण्याची सक्ती कायद्यानेच केलेली होती. त्या सक्तीतही या समाजाने आपलं बाजारपेठेचं जग उभारलं होतं.

रोकड जिथे फिरते तिथे गवई जमतात. वखारीच्या दाराशी, कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी फाटकाशी, शनिवारी दुकानांच्या रांगेत. १९३० च्या दशकात या रस्त्यांवरचं सर्वांत मोठं नाव होतं ब्लाइंड बॉय फुलर. मूळ नाव फुल्टन अ‍ॅलन. तरुणपणीच दृष्टी गेली आणि गिटार हेच पोटाचं साधन उरलं. त्याच्या आसपास वावरणाऱ्यांत रेव्हरंड गॅरी डेव्हिस होता, तोही अंध आणि गिटारवर फुलरहून वरचढ. बुल सिटी रेड हा वॉशबोर्डवर, म्हणजे कपडे घासायच्या पत्र्याच्या फळीवर, ताल धरायचा. या मंडळींना ध्वनिमुद्रणाच्या वाटेवर नेलं ते जे. बी. लाँग या दुकानाच्या गोऱ्या व्यवस्थापकाने. १९३५ मध्ये तो फुलर, डेव्हिस आणि रेड यांना गाडीत घालून न्यूयॉर्कला घेऊन गेला. १९४० पर्यंत फुलरची शंभराहून अधिक गाणी तबकड्यांवर आली.

अ‍ॅपलाचियन डोंगर आणि अटलांटिकचा किनारा यांच्यामधल्या चढउताराच्या पट्ट्याला पीडमाँट म्हणतात, म्हणून इथल्या बाजालाही तेच नाव पडलं. मिसिसिपीच्या डेल्टातला ब्लूज जड पावलांनी, काहीसा खर्जात चालतो. पीडमाँटचा ब्लूज हलक्या पायाचा. अंगठा खालच्या तारांवर आलटून पालटून ठेका धरतो, पियानोवादकाच्या डाव्या हातासारखा. बोटं वरच्या तारांवर सूर विणतात. रॅगटाइमच्या पियानोचा आणि नाचाच्या गाण्यांचा संस्कार यात उघड दिसतो. एकटा माणूस दोघांचं काम करतो. रस्त्यावर पैसे वाटून घ्यायला माणूस जितका कमी तितकं बरं, हेही यामागचं एक साधं कारण असावं.

फुलरच्या या वर्तुळात सनी टेरी आला. खरं नाव साँडर्स टेरेल, जन्म १९११ चा, जॉर्जियातल्या ग्रीन्सबरोचा. वडील शेती करत आणि माउथ ऑर्गन वाजवत. वाद्य त्याला त्यांच्याकडून मिळालं. अकराव्या वर्षी एका अपघातात एक डोळा गेला, सोळाव्या वर्षी दुसऱ्या अपघातात दुसरा. शेतीची वाट बंद झाली. वाजवणं हा आवडीचा विषय होता, तो आता पोटाचा झाला. त्याने वाद्य स्वतःच्या सोयीने उलटं धरलं होतं, खर्जाचे सूर उजवीकडे. ते तसंच जन्मभर राहिलं.

या वाद्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण महाराष्ट्राला याचं भावंड घरोघरी माहीत आहे. माउथ ऑर्गन आणि आपली पेटी दोन्ही एकाच कुळातली. दोन्हींत धातूची पातळ पट्टी हवेच्या झोताने थरथरते आणि सूर निघतो. पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. मींड निघत नाही. याच कारणावरून, आणि तिच्या ठरीव स्वरांवरून, शास्त्रीय संगीतातल्या जाणत्यांनी तिला नावं ठेवली आणि १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. संगीत नाटकाने तिला डोक्यावर घेतलं तरी हा आक्षेप काही मिटला नाही. माउथ ऑर्गनमध्ये मात्र पट्टी आणि माणूस यांच्यामध्ये भाता नसतो. वाजवणाऱ्याची जीभ, टाळू, घसा हाच त्याचा भाता. श्वास आत ओढताना तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला, की काही सूर खाली वाकतात, घसरतात, कण्हतात. एकाच छिद्रात फुंकण्याची एक आणि ओढण्याची एक अशा दोन पट्ट्या असतात आणि त्या एकमेकींवर परिणाम करतात, म्हणून हे घडतं. ज्या पट्टीला मींड नाही असं आपण धरून चाललो, तिच्यातून मींड काढणारी माणसं डरहॅमच्या रस्त्यांवर बसलेली होती.

हे वाद्य तयार करणाऱ्यांच्या मनात असं काही नव्हतं. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी माथियास होनरने १८५७ मध्ये कारखाना काढला. १८९६ मध्ये ‘मरीन बँड’ हा नमुना आला: दहा छिद्रं, वीस पट्ट्या, एकच स्वरपट्टी. वॉल्ट्झ आणि साधी लोकगीतं वाजवायला सोयीची. अमेरिकेच्या दक्षिणेत ते दुकानादुकानात स्वस्त मिळू लागलं आणि काळ्या वादकांनी त्याचा उपयोगच फिरवला. ‘ए’ सुरातलं वाद्य घ्यायचं आणि गाणं ‘ई’ मध्ये वाजवायचं. मग फुंकण्याऐवजी ओढण्याचे सूर गाण्याच्या केंद्रस्थानी येतात, आणि वाकणारे सूर नेमके तेच. गिटारवर ‘ई’ ही खुल्या तारांची, खर्जाला भक्कम अशी सोयीची जागा. दोन स्वस्त वाद्यं अशी एकमेकांत चपखल बसली. गिटार आणि माउथ ऑर्गनची जोडी ब्लूजमध्ये इतकी का रुजली याचं अर्धं उत्तर या जुळणीत आहे.

सनीने त्यात स्वतःची एक गोष्ट घातली. वाजवता वाजवता तो मध्येच उंच, फाटक्या आवाजात हुंकार द्यायचा, आणि तो इतक्या झटकन की वाद्य कुठे संपलं आणि गळा कुठे सुरू झाला हे कळू नये. कोल्ह्याची शिकार, तिच्यातले कुत्रे, लांबून येणारी आगगाडी, हे सगळं त्या दहा छिद्रांतून उभं करणं ही दक्षिणेतल्या वादकांची जुनी करामत होती. सनी त्यात उस्ताद झाला. डिसेंबर १९३७ मध्ये तो फुलरबरोबर ध्वनिमुद्रणाला बसला.

पुढच्याच वर्षी त्याच्या आयुष्याला अनपेक्षित वळण लागलं. जॉन हॅमंड हा संगीताचा जाणता, श्रीमंत घरचा माणूस न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये काळ्या संगीताचा मोठा जलसा भरवत होता, ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग’ नावाचा. त्याला मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन हवा होता, पण तो त्याच ऑगस्टमध्ये वारला होता. मग फुलरचा विचार झाला. फुलर तेव्हा तुरुंगात होता. अखेर सनी टेरी गेला. २३ डिसेंबर १९३८ च्या रात्री कार्नेगी हॉलच्या रंगमंचावर रस्त्यावरचा तो अंध वादक बसला आणि वॉशबोर्डवर बुल सिटी रेड. त्या जलशाचं ध्वनिमुद्रण झालं होतं, पण ते एलपीच्या रूपात लोकांच्या हाती पडलं १९५९ मध्ये, व्हॅनगार्ड कंपनीकडून. म्हणजे समोर प्रेक्षक असताना सनीने जे केलं, ते घरी बसून ऐकण्यासाठी लोकांना एकवीस वर्षं थांबावं लागलं.

ब्राउनी या कथेत थोडा उशिरा येतो. वॉल्टर ब्राउन मॅकगी, जन्म १९१५, टेनेसीतलं नॉक्सव्हिल. चार वर्षांचा असताना पोलिओ झाला आणि उजवा पाय आखडला. धाकटा भाऊ ग्रॅनव्हिल त्याला लहान गाडीत बसवून काठीने ढकलत फिरवायचा. त्यामुळे भावाचं नावच ‘स्टिक’ पडलं. १९३७ मध्ये पोलिओग्रस्तांसाठीच्या निधीतून शस्त्रक्रिया झाली आणि ब्राउनी काठीच्या आधाराने का होईना, स्वतः चालू लागला. त्यानंतर तो गिटार घेऊन जो बाहेर पडला तो फिरत फिरत लाँगच्या नजरेस पडला. १९४० मध्ये ओकेह कंपनीसाठी पहिली गाणी झाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये फुलर वारला, तेव्हा लाँगने ब्राउनीच्या काही तबकड्यांवर ‘ब्लाइंड बॉय फुलर क्रमांक २’ असं छापलं. ज्याची दृष्टी शाबूत होती अशा माणसाला आंधळ्याच्या नावाने विकलं गेलं. बाजाराला नाव हवं होतं. माणूस बदलला तरी चालणार होतं. ब्राउनीला हे कधीच रुचलं नाही आणि यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

फुलर गेल्यावर सनी आणि ब्राउनी एकत्र आले, आणि १९४२ च्या सुमारास दोघे न्यूयॉर्कला पोचले. आपल्याकडे अंधपंगुन्याय सांगतात: आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला आणि दोघांनी मिळून वाट काढली. या जोडीबद्दल लिहिणाऱ्यांनी जवळपास हीच गोष्ट पुन्हा पुन्हा रंगवली, आणि रंगमंचावरचं दृश्यही तसंच असे. लंगडत येणारा ब्राउनी, त्याचा आधार घेऊन मागे येणारा सनी. पण हा न्याय त्यांना पुरेसा लागू पडत नाही. न्यायातले दोघे एकाच ठिकाणी जायला निघालेले असतात. या दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी जायचं होतं. सनीला जे येत होतं तेच, अधिकाधिक खोल, वाजवायचं होतं. ब्राउनीला गीतं लिहायची होती, नवं वाजवायचं होतं, शिकवायचं होतं, मोठ्या बाजारात नाव कमवायचं होतं. आधार होता, गरज होती, आणि त्याचबरोबर ओढाताणही.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना दोन घरं मिळाली. एक लेड बेली, वुडी गथ्री या लोकगायकांच्या मंडळींचं, जिथे डाव्या विचारांचे गोरे तरुण जमिनीवर बसून लोकगीतं ऐकत. दुसरं हार्लेमचं, जिथे काळ्या श्रोत्यांना नाचायला लावेल असं ताजं, जोरकस काही हवं असे. ब्राउनी दोन्हीकडे वावरला. स्पायडर सॅम, बिग टॉम कॉलिन्स अशा टोपणनावांनीही त्याने तबकड्या काढल्या. १९४८ मध्ये ‘माय फॉल्ट’ हे त्याचं गाणं चाललं. १९४९ मध्ये भाऊ स्टिकच्या एका मद्यगीताने अटलांटिक या नव्या कंपनीला पहिलं मोठं यश मिळवून दिलं, त्यात गिटार ब्राउनीची होती. हार्लेममध्ये त्याने ‘होम ऑफ द ब्लूज’ नावाची संगीतशाळाही चालवली.

सनीची वाट नाटकातून गेली. जानेवारी १९४७ मध्ये ‘फिनियन्स रेनबो’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं, त्यात तो माउथ ऑर्गन वाजवायचा. त्याचे सातशेहून अधिक प्रयोग झाले. १९५५ मध्ये टेनेसी विल्यम्सचं ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ एलिया कझानने बसवलं, त्यात दोघेही होते. याकडे नुसती उपजीविकेची सोय म्हणून पाहू नये. रस्त्यावर वादक श्रोत्याच्या चेहऱ्यामागे धावतो. गाणं लांबवतो, आवरतं घेतो. नाटकात ठरलेल्या ओळीनंतर ठरलेल्या क्षणी आत यायचं आणि ठरलेल्या क्षणी थांबायचं, आणि उद्या संध्याकाळी तेच नव्याने करायचं. रस्त्याची सैलता आणि रंगभूमीची शिस्त एकाच अंगात मुरणं ही दुर्मीळ गोष्ट. पुढे या जोडीची जी हातखंडा मैफल तयार झाली तिचा पाया इथे पडला.

१९५८ मध्ये ख्रिस बार्बर या इंग्लिश जॅझवाल्याने त्यांना इंग्लंडला बोलावलं. तिथल्या तरुणांनी त्यांना डोक्यावर घेतलं. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांना भारतातही धाडलं. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत अमेरिका आपले काळे कलावंत जगभर पाठवत होती, आणि त्याच वेळी दक्षिणेतल्या उपाहारगृहांत त्यांना गोऱ्यांशेजारी बसू देत नव्हती. खुद्द डरहॅममध्ये १९५७ साली एका आइसक्रीमच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसल्याबद्दल काळ्या तरुणांना अटक झाली होती.

आता शुगर हिल. हा क्लब काढला बार्बरा डेन या गायिकेने, १९६१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागातल्या ब्रॉडवे रस्त्यावर. डेट्रॉइटमध्ये वाढलेली ही गोरी बाई ब्लूज गाई, आणि काळ्यांच्या ‘एबनी’ मासिकाने १९५९ मध्ये तिच्यावर मोठा लेख छापला होता. नॉर्थ बीच म्हणजे बीट कवींचा, पुस्तकांच्या दुकानांचा, पर्यटकांचा भाग. या शहरातला काळ्यांचा संगीतबाजार फिलमोर भागात होता. ज्या रस्त्यावरून सगळे जातात तिथे ब्लूजला सन्मानाने जागा द्यायची आणि वादकांना रीतसर मोबदला द्यायचा, हा बार्बराचा विचार. ती स्वतः तिथे गाई. ड्यूक एलिंग्टनकडे वाजवलेला वेलमन ब्रॉड तिला बासवर साथ करी. मामा यान्सी, टी-बोन वॉकर, लाइटनिन हॉपकिन्स अशी माणसं तिने तिथे आणली. सनी आणि ब्राउनी त्यातलेच.

तबकडी काढणारी फँटसी ही सॅन फ्रान्सिस्कोचीच कंपनी. वाइस बंधूंनी १९४९ मध्ये स्थापन केलेली, आणि डेव्ह ब्रुबेकच्या जॅझवर मोठी झालेली. लाल, निळ्या रंगाच्या पारदर्शक तबकड्या हे तिचं वैशिष्ट्य. क्लबात जाऊन ध्वनिमुद्रण करणं तेव्हा शक्य आणि परवडणारं झालं त्यामागे टेप होती, आणि टेपचाही सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसराशी जवळचा संबंध आहे. जॅक मुलिन हा अमेरिकन सैन्यातला तंत्रज्ञ युद्धानंतर जर्मन टेपयंत्रं सुटी करून घरी घेऊन आला. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने त्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं. गायक बिंग क्रॉस्बीने पैसा घातला आणि जवळच्याच सॅन कार्लोसच्या अ‍ॅम्पेक्स कंपनीने १९४८ मध्ये आपलं पहिलं टेपयंत्र विक्रीला काढलं. त्याच वर्षी कोलंबियाने एलपी आणली. जुन्या ७८ च्या तबकडीत एका बाजूला तीन मिनिटं मावत. आता वीस मावू लागली.

तीन मिनिटांत काय हरवतं हे ब्लूजच्या बांधणीवरून कळतं. बारा बारचं एक आवर्तन. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, तिसरीने उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळ जेवढी जागा घेते जवळपास तेवढीच तिच्यामागे रिकामी सुटते. त्या रिकाम्या जागेत वाद्य बोलतं. तीन मिनिटांत अशी पाच-सहा कडवी बसतात, मग सुई उचलली जाते. गाण्याआधीची गोष्ट, दोन गाण्यांमधली थट्टा, श्रोत्यांतून आलेल्या हुंकाराला दिलेलं उत्तर, यातलं काहीही तबकडीवर येत नसे. फुलरच्या शंभराहून अधिक गाण्यांत फुलर रस्त्यावर कसा बोलायचा याचा पत्ता लागत नाही. वखारीच्या दाराशी त्याने लोकांना कसं थांबवलं असेल, याची केवळ कल्पना करायची. ‘अ‍ॅट शुगर हिल’सारख्या तबकडीने ही हरवलेली बाजू परत मिळवून दिली. फुलरच्याच शाळेतली ही दोन माणसं इथे पहिल्यांदाच नव्हे, पण अगदी मोकळेपणाने आपला धंदा चालवताना सापडतात.

सुरुवात होते ती ‘हुरे हुरे, धिस वुमन इज किलिंग मी’ या गाण्याने. बाईने जीव नकोसा केलाय आणि गडी आनंदाने आरोळी ठोकतोय, असा सगळा मामला. ब्लूज म्हणजे रडगाणं असं समजून आलेल्याची समजूत पहिल्या फटक्यात मोडते. ब्राउनीचा आवाज गुळगुळीत, शब्द स्वच्छ, वाक्यं नटासारखी फेकलेली. सनीचा आवाज खरबरीत. ब्राउनी ओळ संपवतो आणि सनी त्याच्या शेवटच्या अक्षरावरच आत शिरतो. वाट पाहत नाही, घाईही करत नाही. कधी सूर, कधी नुसता श्वास, कधी तो फाटका हुंकार. ब्राउनीचा अंगठा खाली अखंड चालू असतो, त्यामुळे ड्रम नाहीत हे लक्षातही येत नाही.

गिटारकडे मुद्दाम लक्ष द्यावं. माउथ ऑर्गनच्या करामतीपुढे ती झाकली जाते आणि ब्राउनीला आयुष्यभर हीच खंत होती. साथ करणारा म्हणून त्याची गणना झाली. पण सनीला इतकं मनसोक्त भटकता येतं, कारण खालची जमीन ब्राउनी हलू देत नाही. गिटारची वर चढणारी वळणं तो नेमक्या जागी पेरतो: जिथे सनी श्वास घेतो तिथे. हे सौजन्य वीस वर्षांच्या सवयीतून आलेलं आहे. उत्स्फूर्त वाटावं इतकं ते घोटलेलं आहे.

आणि इथेच त्या लोकसंगीताच्या लाटेतल्या श्रोत्यांची गल्लत उघडी पडते. त्यांना निरागसता हवी होती. समोर होतं ते पक्कं कसब. विनोद कुठे टाकायचा, हशा किती वेळ चालू द्यायचा, तो ओसरायच्या आत पुढचं गाणं कसं सुरू करायचं, हे सगळं तोललेलं. ब्राउनीने विजेची गिटार बाजूला ठेवली ती या श्रोत्यांना साधी गिटार हवी होती म्हणून. हार्लेममध्ये जसा त्याने तिथल्या बाजाराचा आवाज ओळखला होता, तसाच इथला ओळखला. यात खोटेपणा शोधणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गॅरी डेव्हिसने रस्त्यावर भजनं गायली, फुलरने रस्त्यावर चावट गाणी गायली, कारण पुढ्यात उभ्या माणसाला ओळखणं हीच त्या विद्येची पहिली पायरी. शुगर हिलमधला पुढ्यातला माणूस वेगळा होता, एवढंच.

त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या ‘सेकंड फ्रेट’ या कॉफीगृहातलं त्यांचं वादनही प्रेस्टिजच्या ब्लूजव्हिल या शाखेने तबकडीवर आणलं. १९६२ च्या ऑक्टोबरात अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल युरोपात पहिल्यांदा फिरला, त्यात जॉन ली हुकर, मेम्फिस स्लिम, विली डिक्सन यांच्यासोबत हे दोघे होते. नंतरच्या वर्षांत त्यांच्या तबकड्यांचा पूरच आला. तीच गाणी, तेच विनोद, कंपनी तेवढी निराळी. सगळ्यांना सारखा मान देणं कठीण आहे. शुगर हिलमध्ये गाणी अजून त्यांची स्वतःची वाटतात. नंतरच्या काही तबकड्यांत ती नोकरी वाटू लागतात.

कारण मधल्या काळात दोघांमधलं बोलणं आटत चाललं होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते बरोबर प्रवास करत, बरोबर वाजवत, आणि रंगमंचाबाहेर एकमेकांशी फारसं बोलत नसत. रंगमंचावरही ताण लपेनासा झाला. इतक्या वर्षांच्या दौऱ्यांत, एकावाचून दुसऱ्याला बोलावणं येत नाही अशा अवस्थेत, हे व्हावं याचं नवल वाटत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जोडी कायमची फुटली. विलक्षण योग असा, की अमेरिकन सरकारच्या कलानिधीने पारंपरिक कलावंतांसाठी नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा सन्मान १९८२ मध्ये सुरू केला, आणि पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत या दोघांचीही नावं होती.

सनी ११ मार्च १९८६ रोजी न्यूयॉर्कजवळ मिनिओला इथे वारला. त्याआधी जॉनी विंटर या टेक्ससच्या गिटारवाल्याने त्याच्याबरोबर एक दणदणीत तबकडी केली होती. ब्राउनी कॅलिफोर्नियात ओकलंडला स्थायिक झाला होता. १९८७ च्या ‘एंजल हार्ट’ या चित्रपटात त्याने टूट्स स्वीट या ब्लूज गायकाची भूमिका केली आणि नट म्हणून आपण किती तयार आहोत हे दाखवलं. १६ फेब्रुवारी १९९६ रोजी तोही गेला.

त्यांच्या हयातीतच त्यांचं कसब छापील पुस्तकांत उतरलं होतं. १९७१ मध्ये ब्राउनीच्या गिटारशैलीवर शिकवणीचं पुस्तक निघालं, १९७५ मध्ये सनीच्या माउथ ऑर्गनवर. पण अशी जोडी पुस्तकावरून तयार होत नाही, आणि पुढची जोडी तशी तयार झालीही नाही. जॉन सेफस हा वॉशिंग्टनचा, मूळ व्हर्जिनियाकडचा, अंगठ्याचा ठेका धरणारा गिटारवादक. फिल विगिन्स हा त्याच शहरातला, त्याच्याहून वयाने बराच लहान माउथ ऑर्गनवादक. १९७६ मध्ये दोघांची गाठ पडली आणि २००९ मध्ये सेफस वारेपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, ते एकत्र वाजवत राहिले. श्रोते त्यांना सनी आणि ब्राउनीचे वारस म्हणत. विगिन्सचं वादन मात्र सनीची नक्कल नव्हतं; त्याचे सूर अधिक चपळ, अधिक बोलके, हुंकार जवळपास नाहीतच. सेफसला १९८९ मध्ये आणि विगिन्सला २०१७ मध्ये तीच हेरिटेज फेलोशिप मिळाली. पीडमाँटचा हा बाज घेऊन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यांवर तेही गेले, आणि डरहॅमच्या काही जुन्या तंबाखूवखारींत पुढे घरं, दफ्तरं आणि उपाहारगृहं थाटली गेली.